गुलाबजल, पळसाचं पाणी, फुलांचा अर्क: चेहऱ्याला खरंच काही होतं का आणि घरी काढता येतो का?

वावरवाली_ताई, दिग्रस (यवतमाळ)

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांबलचक आहे पण पूर्ण वाचा आणि ज्याला जे माहीत असेल ते सांगा. आमच्या घरामागं कुंपणाच्या कडेनं देशी गुलाबाची रांग आहे, सासूबाईंनी लावलेली, ते छोटं गुलाबी फूल, पाकळ्या गच्च आणि वास इतका की सकाळी मागचं दार उघडलं की आतपर्यंत येतो. हारवाल्याकडं मिळतात ते मोठे लाल बिनवासाचे गुलाब नाहीत हे. देवाला वाहून उरतात ती फुलं तशीच गळून जातात, जीव हळहळतो.

आता मुलगी अकरावीला आहे, तालुक्याला सायकलनं जाते, मार्च लागला की येताना चेहरा लालबुंद. मैत्रिणींचं पाहून तिनं गुलाबजलची स्प्रेवाली बाटली आणली आणि मारलं की गालाला चुरचुर होते म्हणते. मी वास घेतला तर मला तो गुलाबाचा वाटलाच नाही, अगरबत्तीसारखा वाटला. सासूबाई म्हणतात विकतचं कशाला, घरी काढ, आणि त्या स्वतः तर डोळे जळजळले की गुलाबजलचे थेंब डोळ्यातही टाकतात, ते मला पटत नाही पण बोलू कसं.

तर विचारायचं हे की गुलाबजलनं त्वचेला नेमकं काय होतं, का नुसतं बरं वाटतं? घरी काढायचं तर पाकळ्या उकळून गाळायचं तेच ना? पळसाच्या पाण्याचं काय, लहानपणी आम्हाला त्यानं आंघोळ घालायचे, त्यात काही तथ्य आहे का? आणि आमच्या बचत गटातल्या बाया म्हणून राहिल्या की आपण हे बाटल्या भरून विकू, तर त्याला परवाना वगैरे काही लागतो का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

औषधाचं_दुकान, वर्धा

ताई, आधी बाटलीचं बघू. बाटलीच्या मागं बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते मुलीला मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठे करून वाचायला सांगा. जास्त प्रमाणात जे आहे ते आधी लिहितात. पहिलं नुसतं पाणी, मग ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल, मग प्रिझर्वेटिव्ह आणि शेवटी परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स असं असेल तर ते गुलाबाचा वास घातलेलं पाणी आहे. खऱ्यावर रोझ वॉटर, रोझ डिस्टिलेट किंवा रोझा डॅमासेना फ्लॉवर वॉटर असं काहीतरी असतं. परफ्यूम घातलं म्हणजे ते विषारी झालं असं नाही, पण चुरचुर होणाऱ्या त्वचेला सगळ्यात जास्त त्रास ह्या सुगंधानंच होतो असं माझा काउंटरवरचा अनुभव सांगतो. ती बाटली सध्या बंद करा. शिवाय उन्हानं भाजलेल्या कातडीवर काहीही मारलं तरी चुरचुरतं, आधी साध्या थंड पाण्यानं चेहरा धुवून सुती कापडानं टिपायचा, घासायचा नाही.

आता खरं गुलाबजल म्हणजे काय. पाकळ्या पाण्यात तापवल्या की वाफेसोबत गुलाबाचं उडणारं तेल वर जातं, ती वाफ थंड केली की पाणी परत मिळतं आणि त्या पाण्यात त्या तेलाचा अगदी थोडा अंश विरघळून राहतो. गुलाबाचं एक विशेष आहे, त्याच्या वासातला एक मोठा भाग फिनाईल इथाईल अल्कोहोल नावाचा असतो आणि तो पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून गुलाबाचं पाणी इतकं गुलाबासारखं वासतं. नावात अल्कोहोल आहे म्हणून घाबरू नका, तो दारूवाला नाही.

त्वचेला काय होतं? थंडावा मिळतो तो मुख्यतः पाणी उडतं म्हणून, माठातलं पाणी गार होतं त्याच कारणानं. दुसरं, आपली त्वचा थोडी आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचं माप) पाचच्या आसपास, आणि साबण त्याच्या उलट, नऊ-दहाच्या घरात. गुलाबजल साधारण आम्लाकडे झुकलेलं असतं म्हणून साबणानंतर लावलं की ताणल्यासारखं वाटतं ते कमी होतं. वासानं डोकं शांत वाटतं हेही खरं आहे, त्याला कमी लेखू नका, दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं. पण डाग जातात, गोरं होतं, पिंपल्स मुळासकट जातात असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि नुसतं गुलाबजल मारून पंख्याखाली बसलं तर त्वचा उलट कोरडी पडते, म्हणून चेहरा ओला असतानाच वरून खोबरेल तेलाचा एखादा थेंब किंवा साधी क्रीम लावायची. मुलीला म्हणा सायकलवर जाताना ओढणी बांधायची आणि जमलं तर सनस्क्रीन लावायची, उन्हापासून वाचवायचं काम गुलाबजल करत नाही.

डोळ्याचं मात्र स्पष्ट सांगतो, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हात जोडून सांगा की डोळ्यात नको. डोळ्याचे थेंब निर्जंतुक करून सीलबंद केलेले असतात, त्यांची बाटली उघडली की साधारण महिन्याभरात फेकायची असते. चेहऱ्यावर मारायचं गुलाबजल तसं बनवलेलंच नसतं, आणि घरी काढलेलं तर नाहीच नाही. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे यायची साथ आली होती तेव्हा कितीतरी लोक डोळ्यात गुलाबजल टाकून मग दुकानात यायचे, डोळे सुजलेले. जळजळ होत असेल तर डोळे मिटून त्यावर स्वच्छ कापडाची थंड घडी ठेवा, त्या घडीवर गुलाबजल शिंपडलं तरी चालेल, वास येईल आणि आत जाणार नाही. दोन दिवसांत कमी नाही झालं तर डॉक्टरला दाखवा.

अचलपूरचा_नातू

ताई मी टाइप करून राहिलो पण सांगून राहिली माझी आजी, तिच्याच शब्दात लिहितो.

"पयसाचे फुलं झाडाखाली पडले का येचून आनाचे, तोडाचे नाई. होयीच्या आंधी. रातच्याले गुंडात (मोठ्या भांड्यात) पान्यात भिजू घालाचे, सकायी तो गुंड आंगनात उन्हात ठेवाचा, पानी कोमट झालं का केशरी होते. मंग ते गायून पोट्ट्यायच्या आंगावर घालाचं. डोक्शावरून घालाचं. आमची माय म्हने का उनायाभर घामोया येत नाई, ऊन बाधत नाई. आमी आमच्या पोरायलेबी घातलं, नातवायलेबी घातलं. त्याचाच रंग धुयवडीले खेयाचा, आंगाले काई होत नाई, कपड्याचा मातर जात नाई. कारखान्याच्या रंगानं पोट्ट्यायचे तोंडं कसे होते पाहा."

आजीचं एवढं. मी तिला विचारलं की घामोळ्या खरंच येत नव्हत्या का, तर म्हणे येतच होत्या कधी कधी, पण कमी. आणि म्हणे पहिल्यांदा घालाचं तर हातावर घालून पाहाचं, एखाद्याच्या अंगाले खाज सुटते. हे ती कोणी शिकवलं नसताना सांगून राहिली म्हणून मुद्दाम लिहिलं. पळस आमच्याकडे अजून खूप आहे, चिखलदऱ्याचा रस्ता लागला की फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही बाजू लाल दिसतात, पण वेचणारे कमी झाले.

वावरवाली_ताई, दिग्रस

आजीला नमस्कार सांग रे भाऊ, आमची आईही अस्संच करायची, फक्त त्यात कडुलिंबाचा पालाही टाकायची.

औषधाचं_दुकान यांनी सांगितलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं, घडीची कल्पना त्यांना आवडली. आता एक विचारते, पळसाचं पाणी भिजवून निघतं तर मग पळसाचं पण गुलाबासारखं वाफेवर काढलं तर जास्त चांगलं निघेल का? आणि गुलाबाच्या पाकळ्या नुसत्या उकळल्या तर काय बिघडतं?

अर्कवाली, वरूड (अमरावती)

ताई ह्याचं उत्तर मी देते कारण मी हे शिकले आहे आणि आमच्याकडे लहान भट्टीवर काढतेही.

पळसाचं वाफेवर काढू नका, मेहनत वाया जाईल. पळसाचा गुण आहे त्याच्या रंगात, आणि रंग वाफेबरोबर वर जात नाही, तो खालीच राहतो. पळसाच्या फुलाला वास जवळजवळ नाही. म्हणजे वाफेवर काढलं तर हातात येईल फक्त साधं पाणी. त्याला भिजवणंच बरोबर, आजी सांगतात तेच. गुलाबाचं बरोबर उलट. पाकळ्या उघड्या गंजात (पातेल्यात) खळखळ उकळल्या तर घरभर वास सुटतो आणि आपल्याला वाटतं काय छान चाललंय, पण जो वास घरभर गेला तो पाण्यातून गेला. उरतं ते गुलाबी-तपकिरी पाणी, त्यात साखर, रंग, चिकटपणा सगळं पाकळीचं उतरलेलं असतं, ते एक-दोन दिवसांत आंबतं. ताजं ताजं लावलं तर वाईट नाही, पण बाटलीत भरून ठेवायचा तो माल नाही. खरं गुलाबजल पाण्यासारखं पारदर्शक असतं. गुलाबी रंगाचं दिसलं की समजायचं रंग घातलाय किंवा नुसतं उकळलंय.

घरी काढायची रीत सांगते. फुलं सकाळी सूर्य वर यायच्या आत तोडायची, दव असलं तरी चालेल, दुपारच्या फुलात वास अर्धाही राहत नाही. पाकळ्या मोकळ्या करून खालचा हिरवा भाग काढून टाका, किडे-मुंग्या झटका, एकदा पाण्यातून काढा. मोठा स्टीलचा गंज घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा नको. मधोमध एक स्वच्छ धुतलेली वीट किंवा उलटी वाटी ठेवा आणि त्यावर एक रिकामी स्टीलची डबी. अर्धा किलो पाकळ्या असतील तर त्या विटेच्या भोवती पसरा आणि बुडतील इतकं, साधारण दीड लिटर, पाणी घाला, डबीच्या तोंडापेक्षा पाणी बरंच खाली हवं. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं पण त्याची काळजी नको, क्षार खालीच राहतात. आता झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याची मूठ आत आणि मूठ नेमकी डबीच्या वर. कडेला कणकेची वळी करून लिंपा, वाफ बाहेर आली की अर्क गेला. झाकणावर वरून बर्फ किंवा गार पाणी. मंद आच. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते, थेंब मुठीवरून ओघळून डबीत पडतात. वरचं पाणी कोमट झालं की काढून परत गार घाला, हेच खरं काम आहे, इथं कंटाळा केला की अर्क कमी मिळतो. पहिलं जे येतं ते सगळ्यात वासाचं. अर्धा किलो पाकळ्यांचं अर्ध्या लिटरपेक्षा जास्त काढू नका, पुढं पुढं नुसतं शिजलेल्या भाजीसारखं वासायला लागतं, तिथं थांबायचं. गंज कोरडा पडू देऊ नका.

थंड झालं की पहिल्या दिवशी वास थोडा कच्चा, शिजल्यासारखा येतो, घाबरू नका, झाकण लावून एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलं की तो जातो आणि गुलाब वर येतो.

बाटली काचेची, दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून, उलटी घालून पूर्ण वाळलेली. बोट घालायचं नाही, तोंड लावायचं नाही. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे, त्याच्या वर ठेवू नका कारण आपण त्यात प्रिझर्वेटिव्ह घातलेलं नाही. आपल्याकडं लोडशेडिंग असतं म्हणून थोडंथोडंच काढायचं. बाटलीत धाग्यासारखं काही तरंगताना दिसलं, गढूळ झालं, आंबट वास आला की झाडाला घालून टाकायचं, जीव अडकवायचा नाही.

कनौजला उत्तर प्रदेशात हेच काम मोठ्या तांब्याच्या डेगमध्ये करतात. डेगचं तोंड मातीनं लिंपतात, बांबूच्या नळीतून वाफ पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गार करून गोळा करायच्या भांड्यात, उतरते. अत्तर करायचं असेल तर भपक्यात आधीच चंदनाचं तेल घालतात, ते वास धरून ठेवतं. आगीवर लाकूड किती घालायचं, भपका कधी बदलायचा हे तिथले कारागीर हात लावून, वास घेऊन ठरवतात. एक किलो गुलाबाच्या तेलाला तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात, म्हणून तेल आपल्या हाताबाहेरचं आहे पण गुलाबजल नाही. आपलं गावठी गुलाब ह्याला चांगलं चालतं.

आणि आमच्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही संत्र्याच्या पट्ट्यातले. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मृग बहार, तेव्हा बगिच्यातून संध्याकाळी गेलं की वासानं पाय थबकतो. संत्र्याच्या झाडाला फुलं येतात त्यातली बहुतेक फळ न धरता गळून पडतातच, झाडाखाली पांढरा सडा असतो. पहाटे झाडाखाली धुतलेली चादर अंथरायची आणि त्यावर पडलेली ताजी फुलं वेचायची, मातीतली जुनी तपकिरी झालेली नाही. त्यांचा अर्क ह्याच पद्धतीनं निघतो. फ्रान्स-मोरोक्कोकडे कडू संत्र्याच्या फुलांचं पाणी काढतात, ते जगभर विकलं जातं, मिठाईतही घालतात. आपल्या नागपुरी संत्र्याचं तेवढं तीव्र नाही, पण मऊ आहे, रात्री झोपताना उशीच्या खोळीवर शिंपडलं की मन निवतं. आपल्या भागात इतकी फुलं मातीत जातात ह्याचं मला फार वाईट वाटतं.

पांढरं_सोनं, घाटंजी (यवतमाळ)

ताई आणि अर्कवाली ताई दोघींनाही, एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, आणि हे सगळ्यात आधी बघायला पाहिजे. कुंपणाच्या पलीकडं काय आहे? पऱ्हाटी (कापूस) असेल तर जुलै ते ऑक्टोबर फवारणी चालते आणि वाऱ्यावर ते सगळं कुंपणावरच्या फुलांवर येऊन बसतं. २०१७ ला आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं दवाखान्यात गेली आणि किती परत आली नाहीत हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेच औषध पाकळीवर बसलं आणि आपण ते गंजात शिजवून पोरीच्या चेहऱ्यावर मारलं तर काय उपयोग. एकदा पाण्यातून काढून ते पूर्ण जात नाही, काही औषधं तर झाडात आतपर्यंत भिनतात. म्हणून फवारणीच्या दिवसांत त्या फुलांचा अर्क काढूच नका, फुलं देवाला वाहा. अर्कासाठी हिवाळ्यातली आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीची फुलं घ्या, तीही शेजाऱ्याला विचारून की भाऊ तू काय मारलं आणि कधी मारलं. संत्र्याच्या बगिच्यातही फुलोऱ्यावर सायला, मावा ह्या किडींसाठी मारतात, ते बघा.

बाजारातल्या हाराची उरलेली फुलं, देवळातलं निर्माल्य ह्याचं पण नको, मालकानं काय मारलंय आपल्याला ठाऊक नसतं.

अजून एक. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, फवारणीचे छोटे हातपंप, हे कितीही धुतले तरी गुलाबजल भरायला वापरू नका. आमच्या गावात एकानं हातपंप साबणानं धुवून त्यात पाणी भरून पोरांच्या अंगावर मारायला घेतला होता, बाईनं हातातून हिसकावून घेतला म्हणून बरं.

आणि कुंपणाला कण्हेर असते ना, लाल, पांढरी, पिवळी, तिची फुलं दिसायला सुंदर पण झाड पूर्ण विषारी आहे, कण्हेर, धोतरा, रुई ह्यांची फुलं कोणत्याही पाण्यात, अर्कात, आंघोळीत घालायची नाहीत. पोरी यूट्यूब पाहून जे दिसेल ते फूल घालतात म्हणून सांगून ठेवतो.

वावरवाली_ताई, दिग्रस

दादा, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलं. कुंपणाच्या पलीकडं दिराचं वावर आहे आणि पऱ्हाटीच आहे. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. सध्या तिकडं पऱ्हाटी निघून वावर रिकामं आहे, फवारणी होऊन बरेच दिवस झाले, तरी दिराला विचारूनच करीन.

आता बचत गटाचं कोणी सांगेल का? आणि पुढल्या पंधरवड्यात सासूबाईंच्या मनात आहे की नातवाला, माझ्या नणंदेचा सात महिन्यांचा मुलगा आहे, त्याला पळसाच्या पाण्यानं आंघोळ घालायची. घालू का?

औषधाचं_दुकान, वर्धा

सात महिन्यांच्या बाळाला माझ्या मते थांबा. लहान बाळाची कातडी पातळ असते आणि घामोळ्यांना त्याला लागतो तो सुटा सुती कपडा, साध्या पाण्याची आंघोळ आणि हवा. पावडर थापू नका, ती घामाबरोबर लगदा होऊन छिद्रं अजून बंद करते, घामोळ्या मुळात घामाची वाट बंद झाली म्हणूनच येतात. घामोळ्यांत पू दिसला किंवा ताप आला तर आरोग्य केंद्रात न्या. सासूबाईंची हौस मोडायची नसेल तर मोठ्या पोरांना घाला, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत पाहा, आजीनं सांगितलंच आहे. कोणतंही नवीन फूलपाणी वापरताना हेच करायचं, मुलीच्या बाबतीतही.

गुलाबजल आणि लिंबू आणि ग्लिसरीन असं एक मिश्रण आपल्याकडं टाचेच्या भेगांना लावतात. टाचेला रात्री ठीक, पण लिंबाचा रस चेहऱ्याला, हाताला लावून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. वावरात लिंबं पिळून सरबत करून तसेच वेचणीला गेलेल्या बायांच्या हातावर मी हे डाग पाहिलेले आहेत.

परवान्याचं सांगतो. चेहऱ्याला लावायची कोणतीही वस्तू बाटलीत भरून विकायची म्हणजे ती सौंदर्यप्रसाधन झाली, आणि ते बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, जागा, पाणी, साफसफाई, तपासणी सगळं आलं. २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत त्यासाठी. घरच्या ओट्यावर काढून लेबल चिकटवून आठवडी बाजारात ठेवलं तर उद्या कोणाच्या चेहऱ्याला काही झालं की गट अडचणीत येईल. हे घाबरवायला नाही सांगत, नीट करायचं असेल तर रस्ता आहे. आमच्या वर्ध्यात मगनवाडीला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिथं वनौषधीवर आधारित उत्पादनांचं काम चालतं, प्रशिक्षणही होतं, गटातल्या दोघीतिघींनी जाऊन बघा. १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ सुरू केला त्याचं काम ह्याच मगनवाडीतून त्यांचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी चालवलं, तेव्हा जागा ह्याच कामाची आहे. कनौजला केंद्र सरकारचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, १९९१ पासून, तिथंही अर्क काढायचं शिकवतात. बचत गटांचं सरकारी अभियान आहे ना उमेद, त्याच्या तुमच्या तालुक्याच्या ऑफिसलाही विचारा.

मोहफूल, कुरखेडा (गडचिरोली)

भट्टीचं बोलून राहिले म्हणून एक सूचना. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि वर्ध्यात तर १९७५ पासून. घरामागं गंज, नळी आणि गार पाण्याचा हौद दिसला की लोकांचा पहिला संशय मोहाच्या दारूवर जातो, आणि त्यात चूक नाही, यंत्र तेच आहे. फरक हा की दारूला आधी फुलं सडवावी लागतात, ताज्या गुलाबात ते होत नाही. म्हणून गटानं नळीची भट्टी बसवायची असेल तर ग्रामपंचायतीत आधी लेखी कळवा, पोलीस पाटलाला बोलावून एकदा दाखवा, गटाच्या बायांसमोर. आणि मोह त्या भांड्यात कधीही घालू नका, कोणी कितीही म्हणो.

बाकी ताई, रोजच्यासाठी सांगतो, वाळा विसरू नका. फूल नाही, मूळ आहे, पण त्याची जुडी धुवून माठात टाकली की पाण्याला जो वास येतो त्यानं मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी पाणी प्यावंसं वाटतं. जुडी दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवायची, माठ घासायचा आणि परत टाकायची. कूलरच्या टाकीत गुलाबजल ओतणारे लोक आहेत, ते पैसे वाया आहेत, टाकीतलं पाणी बदला, तिथं डास होतात.

अर्कवाली, वरूड

दादांनी बरोबर सांगितलं. ताई, मी एक सुचवू का, गटानं सुरुवात गुलकंदापासून करा. तीच फुलं, तीच पाकळी, साखरेसोबत थरावर थर बरणीत घालून उन्हात ठेवायचं, भट्टी नको, नळी नको. खायच्या वस्तूला एफएसएसएआयची (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, पण लहान घरगुती धंद्याला ती चेहऱ्याच्या बाटलीपेक्षा सोपी पडते. फक्त फुलं बिनफवारणीचीच हवीत, खायचं आहे म्हटल्यावर दुप्पट काळजी. गुलाबजल तोवर घरातल्या घरात काढून हात बसू द्या.

आणि विकतचं गुलाबजल सरबतात घालणारे असतील तर बाटलीवर खाण्यायोग्य लिहिलेलं आहे का आणि एफएसएसएआयचा नंबर आहे का ते बघा. चेहऱ्याचं सरबतात नाही घालायचं, वास सारखाच आला तरी.

वावरवाली_ताई, दिग्रस

सगळ्यांचे मनापासून आभार. गुलकंदाची कल्पना सासूबाईंना फारच आवडली, म्हणे आमच्या माहेरी करायचे. बाळाची आंघोळ पळसाच्या पाण्यानं करायची नाही असं ठरलं, मोठ्या दोघांना घालू. मुलीनं बाटलीचं लेबल वाचलं, शेवटून दुसरं फ्रॅग्रन्स लिहिलंय आणि गुलाबाचं नाव कुठंच नाही. बाटली ठेवून दिली तिनं.

अर्कवाली ताई, एक राहिलं. माझ्याकडं जे झाकण आहे त्याची मूठ प्लास्टिकची आहे. ती वाफेत चालेल का?

अर्कवाली, वरूड

नाही चालणार, प्लास्टिक तापून वास सोडेल आणि तो अर्कात उतरेल. मूठ स्क्रूची असेल तर काढून टाका, भोकात स्टीलचा जाड नटबोल्ट बसवा, डोकं आतल्या बाजूला. किंवा झाकणच नको, स्टीलची खोलगट कढई गंजावर तशीच ठेवा, तिचा बुडाचा भाग आत खाली येतो, थेंब तिथूनच पडतात, बर्फही कढईतच घालता येतो. मी तर कढईच वापरते.